विजेच्या सांध्याची उष्णता व तिचा पहारेकरी

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या विहिरीवर आतां विजेचा पंप आहे, आणि ज्यांच्या विहिरीवर तो नाहीं त्यांच्या घरांत निदान हीटर, इस्त्री किंवा मिक्सर आहे. ह्या यंत्रांना वीज पोंचविणारी तार सहसा मध्येंच कोठें जळत नाहीं. ती जळते शेंवटास. म्हणजे जेथें ती स्क्रूखालीं दाबलेली असते, प्लगाच्या पिनेस जोडलेली असते, किंवा दुसऱ्या तारेशीं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, तेथें. सांधा हें विजेच्या वाटेवरील सर्वांत कच्चें ठिकाण होय. ह्या सांध्याचें तापणें ओळखून वीज तोडणारीं साधनें निघालीं आहेत. तीं कोणतीं, आणि जीं साधनें आपल्याजवळ आधींपासून आहेत त्यांजकडून काय अपेक्षावें व काय अपेक्षूं नये, ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे.

महसूल खात्याच्या नोकरींत प्रस्तुत लेखकाच्या हाताखालून आगीचे पुष्कळ पंचनामे गेले. कडब्याची गंजी असो, गोठा असो कीं पंपाची खोली असो, कारणाच्या जागीं ‘शॉर्ट सर्किट’ हे दोन शब्द ठरलेले. वास्तविक शॉर्ट सर्किट म्हणजे दोन तारा एकमेकींस भिडून प्रवाह एकाएकीं अफाट वाढणें. तसें झालें असतें तर फ्यूज तत्काळ वितळला असता. जेथें फ्यूज शाबूत आणि स्टार्टरच्या पेटींतील एकच टर्मिनल कोळशासारखें काळें सांपडतें, तेथें दोष ढिल्या सांध्याचा असण्याचा संभव अधिक. चुकीच्या शब्दानें नुकसान असें होतें कीं, धनी नवा फ्यूज घालून निर्धास्त होतो आणि सांधा होता तसाच राहतो.

उष्णता येते कोठून?

तारेंतून प्रवाह जातांना तिला जो अडथळा होतो त्यास विरोध म्हणतात व तो ओहम ह्या मापानें मोजतात. जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें इ. स. १८४१ मध्यें असें दाखवून दिलें कीं, उत्पन्न होणारी उष्णता विरोधाच्या प्रमाणांत, परंतु प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. आतां पांच हॉर्सपॉवरच्या तीन फेजच्या मोटारीचें उदाहरण घेऊं. पूर्ण भार असतां ती प्रत्येक तारेंतून सुमारें साडेसात अँपियर प्रवाह घेते. साडेसाताचा वर्ग सुमारें ५६. सांधा घट्ट व स्वच्छ असून त्याचा विरोध ओहमच्या हजाराव्या भागाइतका असेल, तर तेथें वॉटचा सुमारें अठरावा हिस्साच उष्णता होते. तोच सांधा ढिला व काळवंडलेला होऊन विरोध अर्धा ओहम झाला, तर २८ वॉट उष्णता त्या हरभऱ्याएवढ्या जागेंत सांठूं लागते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातांतील डाग देण्याची कानस २५ वॉटची असते व ती कथील वितळविते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे २८ वॉटांचा अर्थ कळेल. साध्या पीव्हीसी तारेचें वेष्टन ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठीं केलेलें असतें.

ह्याच उदाहरणांत दुसरी एक गोष्ट आहे व तीच ह्या विषयाचें मर्म होय. अर्ध्या ओहमच्या सांध्यांत विजेचा दाब केवळ पावणेचार व्होल्टांनीं उतरतो. एवढ्या घटीची मोटारीस दादही नसते. ती पूर्वीइतकाच प्रवाह घेते, पाणी तितकेंच पडतें, आणि सांधा मात्र जळत असतो. फ्यूज व एमसीबी हे दोघेही प्रवाह किती आहे तेवढेंच पाहतात. प्रवाह वाढलेलाच नाहीं. मग त्यांनीं वीज तोडावी तरी कां? त्यांस सांध्याची उष्णता दिसत नाहीं, आणि ती पाहण्यासाठीं ते बसविलेलेही नाहींत.

सांधा बिघडतो तो बहुधा अॅल्युमिनियमच्या तारेमुळें. ही धातू हवेस उघडी पडतांच तिजवर भस्माचा पातळ थर धरतो व तो वीज वाहूं देत नाहीं. शिवाय एका अंशाच्या उष्णतेनें अॅल्युमिनियम दहा लाखांत २३ भाग वाढतें, तांबें १७ भाग, व पोलाद १२ भाग. पोलादी स्क्रूखालीं दाबलेली मऊ तार तापली म्हणजे फुगते, फुगण्यास जागा नसल्यानें चेपते, आणि थंड झाल्यावर आंखडून मागें फट ठेवते. पंप दररोज चालतो व थांबतो. दररोज फट थोडी वाढते. फटीमुळें विरोध वाढतो, विरोधामुळें उष्णता वाढते, उष्णतेमुळें फट. त्यांत तांबें व अॅल्युमिनियम ओलाव्याच्या जागीं प्रत्यक्ष भिडवलीं तर अॅल्युमिनियम कुरतडलें जातें. म्हणून दोन धातूंच्या तारा नुसत्या पिळून जोडूं नयेत. ह्यासाठींच मिळणारें, एका अंगास तांबें व दुसऱ्या अंगास अॅल्युमिनियम असलेलें थिंबल वापरावें.

स्टार्टरमधील रिले

आपल्याजवळ आधींच असलेला पहारेकरी म्हणजे स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले. त्याचें रहस्य एका पट्टींत आहे. उष्णतेनें पुष्कळ वाढणारी एक धातू व अत्यल्प वाढणारी दुसरी, अशा दोन पट्ट्या एकमेकींस सांधून एक केल्या म्हणजे तापल्यावर ती जोडपट्टी कमी वाढणाऱ्या अंगाकडे वांकते. जॉन हॅरिसन ह्या इंग्रज घड्याळजीनें अठराव्या शतकांत समुद्रावर न्यावयाच्या घड्याळाची चाल थंडीउन्हांत सारखी ठेवण्यासाठीं हीच युक्ति योजिली होती. रिलेमध्यें अशा तीन जोडपट्ट्या, प्रत्येक फेजेस एक, असतात व मोटारीचा प्रवाह त्यांस तापवितो. प्रवाह बेतापेक्षां अधिक वेळ अधिक राहिला कीं पट्ट्या वांकून खटका पाडतात व स्टार्टर सुटतो. सुरू होतांना मोटार कांहीं क्षण पांचसहापट प्रवाह घेते. पण पट्टी तापण्यास वेळ लागत असल्यानें रिले तेवढ्यानें पडत नाहीं. हा मंदपणा त्याचा दोष नसून गुणच आहे. एक फेज गेली असतां भार तोच असेल तर उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारें पावणेदोनपट होतो. त्या प्रसंगीं मोटारीचें वाइंडिंग वांचवितो तो हाच रिले.

रिलेवरील चकतीचा कांटा मोटारीच्या पाटीवर छापलेल्या अँपियरच्या आंकड्यावर असावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्यें रिले वाइंडिंगच्या मार्गांत बसविलेला असेल तर त्या आंकड्याच्या शेंकडा ५८ इतका ठेवावा. ह्याविषयीं गांवोगांव जो प्रकार चालतो तो मात्र शोचनीय आहे. रिले वारंवार पडूं लागला कीं कोणीतरी कांटा शेवटच्या आंकड्यावर नेऊन ठेवतो. तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर खटक्यांत आगकाडी खुपसतो किंवा तार टाकून रिले बाद करतो. पंप चालूं लागतो व करणाराची हुशारी वाखाणली जाते.

परंतु रिले वारंवार कां पडत होता? त्याचें एक कारण पुष्कळांस ठाऊक नसतें. रिलेच्या स्वतःच्या टर्मिनलाचा स्क्रू ढिला असेल तर तेथें उत्पन्न झालेली उष्णता धातूच्या वाटेनें आंत जाऊन जोडपट्टीस तापविते. मोटार योग्य प्रवाह घेत असूनही रिले पडतो. म्हणजे सांध्याची उष्णता एरव्हीं ज्यास दिसत नाहीं, त्या रिलेनें ह्या एका ठिकाणीं ती योगायोगानें पाहिलेली असते व तो धन्यास हांक मारीत असतो. अशा वेळीं वायरमनकडून टॉंग टेस्टरनें तिन्ही तारांचा प्रवाह मोजवावा. प्रवाह पाटीवरील आंकड्याहून अधिक भरला तर दोष पंपांत, बेअरिंगांत किंवा विजेच्या दाबांत शोधावा. प्रवाह बेताचाच असेल तर कांट्यास हात न लावतां मुख्य स्विच बंद करून टर्मिनलें पाहावीं. वैशाखांतल्या दुपारीं पत्र्याच्या खोपटांत ठेवलेला रिले बाहेरच्या उन्हानेंही लवकर पडूं शकतो. कित्येक रिलेंत ह्या उन्हाची वजावट करणारी जादा पट्टी असते, तसा रिले घेतल्यास हा त्रास चुकतो.

सांध्यांतच बसविलेला पहारेकरी

योगायोगावर विसंबण्यापेक्षां उष्णता ओळखणारें साधन सांध्यांतच कां बसवूं नये, ह्या विचारांतून रक्षक प्लग व जोडण्या निघाल्या. त्यांचे तीन प्रकार समजून घ्यावे.

पहिला वाकड्या चकतीचा. अमेरिकेच्या मेन प्रांतांत लांकडाच्या कारखान्याची भट्टी सांभाळतांना जॉन स्पेन्सर ह्या तरुणाच्या ध्यानांत आलें कीं, भट्टीचें पातळ लोखंडी झांकण तापल्यावर व निवल्यावर एकदम ‘टक्’ असा आवाज करून बाक बदलतें. पुढें त्यानें जोडधातूची बशीसारखी चकती करून तिचा खटका बनविला. सरळ पट्टी हळूहळू वांकते, त्यामुळें संपर्क सुटतांना ठिणगी लांबते व टोकें जळतात. चकती एका झटक्यांत उलटते म्हणून ठिणगी तुटते. अशा चकत्या मोटारींच्या वाइंडिंगांत व इस्त्र्यांत सर्रास असतात. प्लगामध्यें पिनेच्या मुळाशीं बसविल्यास पिन तापतांच वीज तोडतात.

दुसरा उष्णतेच्या फ्यूजचा. ठराविक अंशावर आंतील गोळी वितळते व मार्ग कायमचा तुटतो. भात शिजविण्याच्या विजेच्या भांड्यांत तो असतो. तो गेला म्हणजे तेवढ्याच अंशाचा नवा घालावा लागतो. त्याच्या जागीं तार जोडणें म्हणजे पहारेकऱ्यास घालवून दार उघडें टाकणें.

तिसरा थर्मिस्टरचा. हा ज्वारीच्या दाण्याएवढा मणी असून तापल्यावर ह्याचा विरोध ठरलेल्या रीतीनें बदलतो. तो स्वतः वीज तोडीत नाहीं. पेटींतील यंत्रणेस वर्दी देतो व ती यंत्रणा प्रवाह कमी करते किंवा बंद करते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कित्येक चार्जिंग केबलींच्या प्लगांत असा मणी असतो. त्याचें अगत्य उघड आहे: हीटर दहावीस मिनिटें चालतो, गाडी रात्रभर सॉकेटास लागलेली असते. पंधरा अँपियर प्रवाह व अर्धा ओहम विरोध धरला तर जूलच्या नियमानें ११२ वॉट उष्णता होते, आणि घरांत सारे निजलेले.

तरी ह्या प्लगांची मर्यादाही सांगितली पाहिजे. मणी ज्या पिनेजवळ आहे त्या पिनेचीच उष्णता तो पाहतो. भिंतींतील सॉकेटामागच्या स्क्रूची उष्णता पितळेच्या वाटेनें पिनेपर्यंत पोंचली तर ती त्यास कळेल. त्यापलीकडील तारेच्या जोडाची कळणार नाहीं. विजेच्या धक्क्यापासूनही तो वांचवीत नाहीं. त्यासाठीं गळती ओळखणारा निराळा स्विच लागतो. विकत घेतांना रक्षक साधन प्लगांत आहे कीं नुसतें पेटींत, हें दुकानदारास विचारावें. पेटींतील साधनास प्लगाची उष्णता दिसत नाहीं. मिक्सरच्या बुडाशीं असलेलें तांबडें बटण पुष्कळ गृहिणींस ठाऊक आहे. तेंही मिक्सरच्या मोटारीपुरतें आहे, भिंतीवरच्या सॉकेटासाठीं नव्हे.

पंपाच्या स्टार्टरमधील सांध्यांवर असा पहारेकरी सहसा नसतो. तेथें वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व रब्बीच्या पाण्याच्या आरंभीं, मुख्य स्विच बंद करून व टेस्टरनें खातरी करून पेटी उघडावी. पिंवळें पडलेलें किंवा कडक झालेलें वेष्टन, निळसर झालेला स्क्रू, वितळलेली कड, मासळीसारखा जळका वास हीं चिन्हें पाहावीं. जळलेलें टोंक नुसतें आवळूं नये. चकाकणारी धातू लागेपर्यंत तार छाटून नवें थिंबल दाबून बसवावें. पिळाच्या तारेंतले कांहीं पदर कापून ती भोंकांत घुसविण्याची खोड मोडावी, आणि स्क्रू पदर तुटेपर्यंतही पिळूं नये.

शेवटीं रिलेवरील ‘हॅंड’ व ‘ऑटो’ ह्या खुणेविषयीं. जेथें रात्रींचा वीजपुरवठा मिळतो तेथें पुष्कळांनीं आपोआप सुरू होणारे स्टार्टर लावले आहेत. अशा स्टार्टरसंगें रिलेही ‘ऑटो’वर असेल तर तो पडतो, दोनचार मिनिटांत निवून पुन्हां जोडला जातो, मोटार पुन्हां सुरू होते व पुन्हां तापते, वाइंडिंग जळेपर्यंत हा क्रम कोणी नसतांना चालूं राहतो. तेव्हां खूण ‘हॅंड’वर ठेवावी. रिले पडला तर सकाळीं विहिरीवर जाऊन, पेटी उघडून, कारण सांपडल्यानंतरच बटण दाबावें.