दाखल्याच्या अर्जावर सही करण्याआधी

आधी एक कर. शाळेने ‘भरून आणा’ म्हणून दिलेला तो अर्ज सही न करता कपाटात ठेवून दे. उद्या कुणी विचारलं तर एवढंच सांग, ‘आम्ही दोघं विचार करतोय, लेखी कळवू.’ बाकीचं आपण सावकाश बोलू.

डोळ्याला डोळा लागत नसेल तुझ्या, ठाऊक आहे मला. तिसरीतलं पोर ते, आणि ‘त्याला आमची शाळा झेपत नाही, तुम्ही दुसरीकडे बघा’ हे मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकायचं म्हणजे पायाखालची जमीनच सरकते. त्यात घरी कुणीतरी म्हणतंच, ‘तूच लाडावून ठेवलायस.’ आईच्या डोक्यावर खापर फोडायला वेळ लागत नाही गं. पण तू ते घेऊ नकोस. ही वेळ कुणाचं चुकलं ते शोधत बसायची नाही. लेकराला नेमकं काय जड जातंय ते शोधायची आहे.

पण आधी तुझी भीती कमी करते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे ना, त्याचं कलम १६ सांगतं की आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. विनाअनुदानित खासगी शाळांनाही ते लागू आहे. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत पुन्हा परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा मिळाली, पण काढून टाकण्याची मुभा तेव्हाही मिळाली नाही. कलम १७ तर मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही मनाई करतं. एक गोष्ट मात्र तपासून घे. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हा कायदा तिथे लागू होत नाही. तशी असेल तर आधी एखाद्या वकिलाशी बोल.

आता कळलं ना, तुझ्या हातात अर्ज का दिला ते? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. तू सही केलीस की तिथे येतं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. शाळेने काढलं असं कागदावर कुठेच राहत नाही. मग उद्या तू कुठल्याही कार्यालयात गेलीस तरी पहिलं उत्तर मिळेल, ‘अर्ज तर तुमचाच आहे, बाई.’ म्हणून म्हणते, सही राखून ठेव.

आता खरं काम. त्याच्या वह्या घेऊन बस, पण ओरडायला नको, नुसत्या बघायला. फळ्यावरून उतरवलेलं वाक्य अर्ध्यावरच थांबतं का? वेलांट्या, मात्रा गळतात का? ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते का? इंग्रजीत ‘बी’चा ‘डी’ होतो का? मग तोच धडा तोंडी विचार. तोंडी फडाफडा उत्तरं देणारा मुलगा कागदावर अडकत असेल, तर त्याला आळशी म्हणणं थांबवायला हवं, घरातही आणि शाळेतही. ती अध्ययन अक्षमता असू शकते. नसेलही. कदाचित मागच्या बाकावरून त्याला फळाच नीट दिसत नसेल, किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल. एका जागी बसवतच नसेल, तर लक्ष टिकवण्याची अडचण असेल. म्हणून पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घे. मग बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्यांच्या सल्ल्याने मानसशास्त्रज्ञांकडून चाचण्या करून घे. मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांत हे काम होतं. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतरच देतात, म्हणजे तुझ्या लेकाचं वय योग्य आहे. तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा नाव आत्ताच नोंदव.

प्रमाणपत्र म्हणजे कपाळावरचा शिक्का, असं वाटतं ना तुला? मी उलट म्हणेन. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोन्हींचा समावेश आहे. भेदभाव न करता शिकवणं आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी देणं, हे त्या कायद्यात शिक्षणसंस्थांकडून अपेक्षित आहे. पुढे दहावीला जादा वेळ, गरज पडली तर लेखनिक, अशा सवलती त्याच कागदावर मिळतात. तो कागद नसेल तर त्याला नुसता ‘ढ’ म्हणून मोकळे होतील लोक.

आता शाळेबरोबरची मीटिंग. एकटी जाऊ नकोस. नवऱ्याला रजा काढायला लाव. लेकराला आईवडील दोघंही आहेत, हे शाळेला दिसू दे. आत गेल्यावर आवाज चढवू नकोस आणि रडू आलं तरी हरकत नाही, पण एक वही पुढ्यात ठेव आणि प्रत्येक गोष्ट नेमकी विचार. ‘त्रास देतो’ म्हणजे काय करतो? कुठल्या तासाला? आधी काय घडलेलं असतं? वर्गात किती मुलं आहेत? शाळेत विशेष शिक्षक किंवा समुपदेशक आहेत का, आणि त्यांनी त्याला आजवर कितीदा पाहिलं? डायरीत लाल शाईने ‘काम अपूर्ण’ असे शेरे असतील, तर विचार की ते पूर्ण व्हावं म्हणून वर्गात काय केलं गेलं. शेवटी स्वतःहून एक प्रस्ताव ठेव: पहिला बाक, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, आठवड्यातून एकदा वर्गशिक्षिकेशी दहा मिनिटं बोलणं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बैठक. बहुतेक बाई मनाने वाईट नसतात गं, भरलेल्या वर्गापुढे हतबल झालेल्या असतात. त्यांच्या मदतीला आलोय असं वाटलं तर त्याही पुढे येतात. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी जे ठरलं ते ईमेलने शाळेला पाठव. तोंडी बोलणं हवेत जातं, लेखी राहतं.

तरीही ‘दाखला घ्या’चा लकडा सुरूच राहिला, तर ‘काढण्याचं कारण आम्हाला लेखी द्या’ असं माग. बरीचशी प्रकरणं इथेच शांत होतात, कारण तसं कारण लिहून देणं शाळेला अवघड असतं. तिथेही अडलं तर स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार कर आणि पोच घे. कायद्याने त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र यातलं एक अक्षरही टाकू नकोस. उद्या त्यांचीच पोरं त्याच्याच बाकावर बसून त्याला विचारतील.

आणि आता थोडं अवघड बोलते. हक्क आहे म्हणून तिथे राहिलंच पाहिजे असं नाही. रोज सकाळी त्याच्या पोटात दुखत असेल, सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल, वर्गात त्याला उभं करून हसणं चालूच असेल, तर तू जिंकलीस तरी तो हरेल. मग बदल शाळा, पण तुझ्या मुहूर्तावर. आधी नवी शाळा बघ, तिथल्या बाईंना त्याचं खरं खरं सांग, प्रवेश पक्का कर आणि मगच दाखला माग. शक्यतो वर्ष पूर्ण होऊ दे. कमी मुलांचा वर्ग आणि मायेने शिकवणाऱ्या बाई जिथे असतील ती शाळा चांगली, मग ती मराठी माध्यमाची असो की महापालिकेची. मोठ्या नावाच्या शाळेसाठी तुम्ही केलेली धावपळ मी पाहिलीय, फीसाठी मोडलेली एफडीही पाहिलीय. पण ते पैसे गेले ते गेले. त्यांच्यापायी लेकराला तिथे अडकवून ठेवू नकोस.

राहायचं की निघायचं, यातलं काहीही ठरव. फक्त ते घाबरून ठरवू नकोस, त्याच्याकडे बघून ठरव.

आणि हो, दार लोटून तुम्ही कितीही हळू बोललात तरी त्याच्या कानावर गेलेलं असतंच. ‘मला शाळेतून काढणार?’ असं त्याने विचारायच्या आधी तूच जवळ घेऊन सांग, ‘लिहायला तुला जड जातं, ते सोपं कसं करायचं ते आम्ही शोधतोय. तू काही वाईट केलेलं नाहीस.’ हे आजच सांग. मीटिंगच्या दिवशी त्याला माझ्याकडे सोडून तुम्ही दोघं जा. परत आलात की तो ईमेल आपण तिघं मिळून लिहू.