एप्रिलमध्ये घाई नको : नव्याने आलेल्यांसाठी बेसबॉल आणि फँटसी टीम

मार्च संपत आला की अमेरिकेतल्या अनेक ऑफिसांत एक ईमेल फिरते. फँटसी बेसबॉलच्या लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, कोणी येणार का? नव्याने आलेला मराठी माणूस बहुधा ती वाचून सोडून देतो. न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागोची उपनगरं आणि बे एरिया इथे मुलं वाढवलेल्या कुटुंबांना आम्ही याबद्दल विचारलं. जवळजवळ सगळ्यांचा सल्ला एकच होता: हो म्हणा. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत रोज बोलायला विषय मिळतो. शेजारी, केस कापणारा, मुलाच्या शाळेतले शिक्षक, सगळ्यांशी. क्रिकेट कळणाऱ्याला बेसबॉलचे नियम दोन-तीन सामन्यांत कळतात. त्याची लय अंगवळणी पडायला मात्र महिना-दीड महिना द्यावा लागतो, आणि तो महिना एप्रिलचाच असतो.

आधी एक संघ धरा

फँटसीकडे वळण्याआधी एक खरा संघ आपला माना, शक्यतो राहत्या शहराचा. मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत, अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीगमध्ये विभागलेले, आणि प्रत्येक संघ वर्षाला १६२ सामने खेळतो. म्हणजे आठवड्यातून सहा-सात दिवस सामना. एवढे सगळे कोणीच बसून पाहत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका काकू म्हणाल्या की त्यांचं बेसबॉल स्वयंपाकघरात सुरू झालं: कणीक मळताना रेडिओ, आणि सातव्या इनिंगला जेवायला बसल्यावर टीव्ही. रेडिओवरचे समालोचक प्रत्येक चेंडूचं वर्णन करतात, त्यामुळे शब्द कानावर पडून आपोआप बसतात. हा उपाय आम्हाला सगळ्यात भरवशाचा वाटला.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट तपासा. घरच्या संघाचे सामने मेजर लीगच्या अ‍ॅपवर अनेकदा दिसत नाहीत, कारण स्थानिक प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्याच वाहिनीकडे असतात. आपला झिप कोड टाकून काय दिसतं ते आधी पाहा, मग वर्षभराची वर्गणी भरा. सामना फार लांबतो ही भीतीही आता ठेवू नका. २०२३ साली पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावलं गेलं आणि सामन्याची सरासरी वेळ तीन तासांवरून साधारण दोन तास चाळीस मिनिटांवर आली.

क्रिकेटमधून येणाऱ्यांनी एक सवय मुद्दाम मोडावी लागते. आपल्याकडे भारत हरला की रात्रभर झोप येत नाही. इथे हरणं हा रोजचा व्यवहार आहे. २००१ साली सिअ‍ॅटल मरिनर्सने ११६ सामने जिंकले. एका हंगामात याहून जास्त विजय कोणालाच मिळालेले नाहीत, आणि तरीही तो संघ ४६ वेळा हरला. उलट शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ साली १२१ सामने गमावले, तरी ४१ जिंकले. बॅटरचंही तसंच. दहा प्रयत्नांत तीनदा हिट मारणारा उत्तम समजला जातो. सात वेळा तो परत येतो आणि कोणी त्याला नावं ठेवत नाही. हे एकदा मनात उतरलं की पुढचं सगळं सोपं होतं.

फँटसी म्हणजे काय, थोडक्यात

भारतात ड्रीम इलेव्हनवर टीम लावलेली असेल तर तो अनुभव थोडाच उपयोगी पडेल. तिथे टीम एका सामन्यापुरती असते आणि एकच खेळाडू लाखो जण घेऊ शकतात. इथल्या लीगमध्ये दहा-बारा माणसं असतात, टीम सहा महिन्यांची असते आणि एक खेळाडू एकाच्याच टीममध्ये जातो. शोहेई ओहतानीसारखा स्टार तुमच्याकडे आला तर तो बाकी कोणाला मिळत नाही. म्हणूनच कोणाला सोडायचं हा प्रश्न कोणाला घ्यायचं याच्याइतकाच महत्त्वाचा होतो.

हा खेळ डॅनियल ओक्रेंट या संपादक-लेखकाने मित्रांबरोबर १९८० साली सुरू केला. मॅनहॅटनमधल्या ज्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जेवायला जमत, त्याच्या नावावरून अशा लीगला आजही रोटिसरी किंवा नुसतं रोटो म्हणतात. बॅटरच्या धावा, होम रन, आरबीआय (त्याच्या फटक्यावर संघाला मिळालेल्या धावा), चोरलेले बेस आणि बॅटिंग सरासरी, तर पिचरचे विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट, ईआरए आणि व्हिप, अशा दहा रकान्यांत टीमची तुलना होते. ईआरए म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळून पिचरने नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा. व्हिप म्हणजे एका इनिंगमागे त्याने दिलेले हिट आणि वॉक (खराब चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) मिळून. दुसरा प्रकार हेड-टू-हेड. त्यात दर आठवड्याला लीगमधल्या एकाशी सामना असतो. नव्या माणसाला हा प्रकार लवकर रमवतो, कारण सोमवारी ऑफिसात बोलायला एक ठरलेला प्रतिस्पर्धी असतो.

पहिल्या वर्षी पैशांशिवायची लीग घ्या, यावरही सगळ्यांचं एकमत होतं. पैसे लावण्याचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत, आणि नव्या देशात पहिल्याच वर्षी त्या भानगडीत पडण्याची गरज नाही.

एप्रिल

आता मुख्य गोष्ट. हंगामाच्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत सर्वांत जास्त नुकसान होतं ते घाईने. चांगला खेळाडू दोन आठवडे चालला नाही म्हणून लोक त्याला सोडून देतात आणि कोणा नवख्याचे पाच होम रन पाहून त्याला उचलतात.

बेसबॉलच्या इतिहासात याची उदाहरणं भरपूर आहेत. २००६ साली डेट्रॉइट टायगर्सच्या ख्रिस शेल्टनने एप्रिलमध्ये दहा होम रन मारले. सगळ्यांना तो हवा होता. त्याचं वर्ष सोळा होम रनवर संपलं आणि जुलैअखेर त्याला खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये पाठवलं गेलं. २०२१ साली व्हाइट सॉक्सच्या येर्मिन मर्सिडीजने हंगामाची सुरुवात सलग आठ हिटने केली, आणि जुलैच्या सुरुवातीला तोही मायनर लीगमध्ये होता. उलट बाजूने पाहा. बॉस्टनचा डेव्हिड ऑर्टिझ २०१० च्या एप्रिलमध्ये ०.१४३ च्या सरासरीने खेळला आणि त्याला एकच होम रन मिळाला. वय झालं, संपला, असं म्हणणारे कमी नव्हते. वर्षाअखेर त्याच्या नावावर ३२ होम रन होते. न्यूयॉर्क यांकीजचा डेरेक जीटर २००४ च्या एप्रिलमध्ये सलग ३२ वेळा हिटशिवाय परतला, आणि त्याने तो हंगाम ०.२९२ वर संपवला.

असं का होतं? नेहमी खेळणारा बॅटर सामन्यात चार-पाच वेळा बॅटिंगला येतो. म्हणजे एप्रिलभरात साधारण शंभर-सव्वाशे वेळा. रसेल कार्लटन या अभ्यासकाने कोणता आकडा किती वेळाने विश्वासार्ह होतो याचा हिशेब मांडला आहे. बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो हे प्रमाण सुमारे ६० वेळा बॅटिंग झाल्यावर काही सांगू लागतं, वॉकचं प्रमाण सुमारे १२० वर आणि होम रनचं सुमारे १७० वर. बॅटिंग सरासरीला मात्र एक पूर्ण हंगामही पुरत नाही. आणि नवे लोक एप्रिलमध्ये नेमका तोच आकडा पाहतात. क्षेत्ररक्षकाच्या शेजारून गेलेले चार चेंडू किंवा थेट हातात गेलेले चार चेंडू एवढ्यानेच ती सरासरी वर-खाली होते.

त्यात हवामान. बॉस्टन, शिकागो, मिनियापोलिस इथे एप्रिलमध्ये कडाक्याची थंडी असते आणि थंड हवेत चेंडू कमी लांब जातो. जूनमध्ये स्टँडमध्ये जाणारा फटका एप्रिलमध्ये कुंपणाजवळ पकडला जातो. डेन्व्हरचं उलट. ते शहर सुमारे ५,२८० फूट उंचीवर आहे, हवा विरळ आहे, चेंडू लांब उडतो. आपला पिचर तिथे खेळणार असेल तर त्या दिवशी त्याला बेंचवर बसवा.

सगळीकडेच मात्र थांबून चालत नाही. खेळाडूचं काम बदललं की लगेच हालचाल करावी लागते. शेवटच्या इनिंगला येऊन सामना राखणारा पिचर, म्हणजे क्लोजर, हे याचं ठळक उदाहरण. सेव्ह जवळजवळ सगळे त्यालाच मिळतात, आणि मॅनेजरने एप्रिलमध्ये क्लोजर बदलला तर नव्या माणसाला त्याच रात्री उचलावं लागतं. सकाळपर्यंत तो दुसऱ्याच्या टीममध्ये गेलेला असतो. आठव्या क्रमांकावर खेळणारा बॅटर दुसऱ्या क्रमांकावर आला, डावखुऱ्या पिचरसमोर बसवला जाणारा रोज खेळू लागला, पिचरचा वेग ताशी दोन-तीन मैलांनी उतरला, या गोष्टी आठवडाभरातही खऱ्या मानाव्यात. तेवढ्याच वेळातल्या सरासरीला भुलू नये. शिकागोजवळच्या एका कुटुंबाने घरापुरता नियम केला आहे: ड्राफ्टच्या, म्हणजे हंगामाआधी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या पाच फेऱ्यांत घेतलेल्या कोणालाही मे संपेपर्यंत सोडायचं नाही. आम्ही हा नियम मनापासून सुचवतो.

दुखापतीला घाबरू नका. इंज्युअर्ड लिस्टवर बॅटर किमान दहा दिवस आणि पिचर पंधरा दिवस जातो. बहुतेक लीगमध्ये अशांसाठी वेगळी जागा असते. खेळाडूला तिथे हलवा आणि रिकाम्या जागी दुसरा घ्या. ही सोय न कळल्यामुळे पहिल्याच वर्षी चांगला पिचर सोडून दिल्याचं बऱ्याच जणांनी सांगितलं.

एप्रिलमध्ये अदलाबदलीचे प्रस्ताव येतात. जुने खेळाडू नव्या माणसाकडे मुद्दाम पाठवतात: तुझा थंड पडलेला स्टार मला दे, माझा तापलेला नवखा घे. नम्रपणे नाही म्हणा. पण रागावू नका, लीगमध्ये हे सभ्यच समजलं जातं. असभ्य समजलं जातं ते जूनमध्ये टीम वाऱ्यावर सोडणं. तुमची लाइनअप रिकामी राहिली की तुमच्याशी खेळणाऱ्याला फुकटचा आठवडा मिळतो आणि बाकीच्यांच्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर अन्याय होतो. तळाला असाल तरी सप्टेंबरपर्यंत टीम लावत राहा. पुढच्या वर्षी बोलावणं येतं ते यावरूनच.

घर आणि मैदान

रोजचं काम दहा मिनिटांचं आहे, पण वेळ साधावी लागते. पूर्वेकडचे सामने सहसा संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे बे एरियात दुपारी चार, भर कामाची वेळ. तिथली मंडळी दुपारच्या जेवणानंतर लाइनअप लावतात. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना सामील करून घ्या. परत गेल्यावर न्यूयॉर्कचा सातचा सामना त्यांना पुण्यात पहाटे साडेचारला लागतो, आणि लवकर उठणारे आजोबा नातवाला उठल्या उठल्या स्कोअर कळवतात असं एका घरात आम्ही ऐकलं. मुलांना सरासरी आणि टक्केवारी शिकवायलाही याहून चांगलं निमित्त आम्हाला सापडलेलं नाही.

एप्रिलमध्ये एकदा मैदानावर नक्की जा. आठवड्याच्या मधल्या दिवसांची तिकिटं तेव्हा बरीच स्वस्त असतात. जमलं तर १५ एप्रिल निवडा. १९४७ साली त्याच दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीगमधली वर्णभेदाची अनेक दशकांची भिंत फुटली. त्या दिवशी प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू त्याचा ४२ नंबर पाठीवर घालतो. का, ते मुलांना आधी सांगून ठेवा.

जाडं जाकीट आणि पांघरूण न्या. सूर्य मावळल्यावर स्टँडमध्ये वारा झोंबतो. बऱ्याच मैदानांत घरचं खाणं चालतं, पण पिशवीच्या आकाराचे नियम कडक असतात, म्हणून ते आधी वाचा आणि पोळी-भाजीचा डबा मऊ पिशवीतून न्या. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला जाळीपलीकडे बसला असाल तर बॅटर उभा असताना फोनमध्ये डोकं घालू नका, फाउल गेलेला चेंडू फार वेगाने येतो. आणि आपली फँटसी लाइनअप घरून निघतानाच लावून टाका. भरलेल्या मैदानात फोनला नेटवर्क मिळेलच असं नाही.