तिरपागडं इंग्रजी रॉक ऐकायचंय? आधी खिसा सांभाळा

इंग्लंडचं प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की आपल्याकडे पिंक फ्लॉइडचं नाव निघतं आणि गाडी तिथेच थांबते. पण त्याच काळात तिथली काही मंडळी भलतंच काहीतरी करत होती. त्यांच्या गाण्यांत गोल्फच्या मैदानावर चहा विकणारी पोरगी आहे, क्रोके खेळताना सवंगड्याचं मुंडकं उडवणारी नऊ वर्षांची सिंथिया आहे, डोक्यावर पंखा असलेले हिरवे बुटके आहेत. विंदांच्या ‘एटू लोकांचा देश’मध्ये जो रमला, त्याला इथे परकं वाटायचं कारण नाही.

हे ऐकायला खर्च किती? फुकटापासून ते एका तबकडीमागे सहा हजारांहूनही जास्त. बहुतेकांनी पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी अर्थातच यूट्यूब. १९७३च्या ऑक्टोबरात शेपर्टन स्टुडिओत चित्रित झालेला जेनेसिसचा कार्यक्रम तिथे बघायला मिळतो. दोन गाण्यांच्या मध्ये पीटर गेब्रिएल चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता काहीबाही गोष्टी सांगतो, त्यावरूनच या प्रकाराशी तुमची नाळ जुळणार की नाही ते कळतं. नाही जुळली तर एक रुपया न घालवता मोकळे झालात.

फुकटात अडचण जाहिरातींची. तीन मिनिटांच्या गाण्यात त्या खपून जातात, पण इथे एकेक रचना वीस-बावीस मिनिटांची असते आणि मधेच कोणी बनियन विकायला आलं की सगळा डाव विस्कटतो. शिवाय मोबाइलचा पडदा बंद केला की यूट्यूबचं फुकट खातं गप्प होतं. म्हणून दुसरी पायरी : स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक किंवा यूट्यूब म्युझिक यांपैकी एकाची वर्गणी. साध्या योजनेला महिन्याकाठी साधारण शंभर ते दोनशे रुपये पडतात. दर बदलत असतात, तेव्हा पैसे भरायच्या दिवशीचा आकडा पाहा. चाचणीचा महिना फुकट मिळत असेल तर तो घ्या आणि आपोआप होणारं नूतनीकरण मुदत संपायच्या आत बंद करून टाका.

शोधताना एक गंमत होते. नुसतं ‘कॅरव्हान’ लिहिलं तर ड्यूक एलिंग्टनची जॅझ धून पुढ्यात येते आणि ‘गाँग’ लिहिलं तर ध्यानधारणेचे घंटानाद. म्हणून बँडच्या नावापुढे अल्बमचं नाव टाकायचंच. दुसरं म्हणजे सेटिंगमधला ‘क्रॉसफेड’ बंद ठेवा, नाहीतर एकमेकांत गुंफलेल्या तुकड्यांची खिचडी होते. आणि नव्या आवृत्त्यांच्या शेपटीला जोडलेली बोनस गाणी पहिल्या वेळी ऐकू नका. ती मुळात वगळली होती, ती बहुधा बरोबरच वगळली होती.

आता ऐकायचं काय? सुरुवात कॅरव्हानच्या ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’ (१९७१) पासून करावी. हा बँड कँटरबरीचा. तिथल्या मुलांनी १९६४ साली ‘वाइल्ड फ्लॉवर्स’ नावाचा बँड काढला. त्याच्या फांद्या म्हणजे सॉफ्ट मशीन आणि कॅरव्हान. चहावाली पोरगी याच अल्बमच्या पहिल्या गाण्यात भेटते. रिचर्ड सिंक्लेअरचा आवाज रॉक गायकाचा वाटतच नाही. शेजारचा सभ्य तरुण गॅलरीत उभा राहून गुणगुणतोय, असं वाटतं. ओरडणं नाही, ताणणं नाही, आणि विनोद केल्याची जाणीवही नाही. मागे डेव्ह सिंक्लेअरचा ऑर्गन मात्र घुसमटल्यासारखा, किंचित फाटक्या सुरात लांबच लांब पळत असतो. मूळ तबकडीची दुसरी बाजू म्हणजे बावीस मिनिटांहून मोठी एकच रचना. सगळा अल्बम ठाण्याहून सीएसएमटीला पोचेपर्यंत जवळजवळ संपतो.

त्यानंतर जेनेसिसचा ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३). मुखपृष्ठावर बेटी स्वानविक यांचं चित्र आहे. बँडच्या सांगण्यावरून त्यांनी त्यात गवत कापायचं यंत्र नंतर घातलं, कारण अल्बममधलं एक गाणंच गवत कापणाऱ्या पोराचं आहे. तेच गाणं १९७४ मध्ये ब्रिटनच्या यादीत एकविसाव्या क्रमांकावर गेलं. मुंडकं उडवणारी सिंथिया हवी असेल तर ‘नर्सरी क्राइम’ (१९७१) ऐका.

या दोन्हींनी भूक चाळवली तर पुढे हॅटफिल्ड अँड द नॉर्थ. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या महामार्गावरच्या पाटीवरून नाव घेणारा बँड आणखी कुठल्या देशात झाला असता? त्यांचा ‘द रॉटर्स क्लब’ (१९७५) वाजवण्याच्या दृष्टीने फार अवघड, ऐकायला मात्र हलका. मॅचिंग मोलच्या १९७२च्या पहिल्या अल्बममध्ये रॉबर्ट वायट एक प्रेमगीत गातो, त्यात गाण्याचा आत्ता कुठला भाग चालू आहे एवढंच तो सांगत राहतो, आणि तरी गळा दाटून येतो. बीटल्सवाल्यांनी स्टॅकरिजचा ‘द मॅन इन द बोलर हॅट’ (१९७४) घ्यावा; निर्माता जॉर्ज मार्टिनच आहे. शब्दांचा कंटाळा असेल तर ग्रायफनचा ‘रेड क्वीन टू ग्रायफन थ्री’ (१९७४) : बुद्धिबळावर बेतलेलं, निव्वळ वाद्यांचं, त्यात ‘बसून’ (bassoon) आणि प्रबोधनकालीन क्रमहॉर्न ही फुंकवाद्यं. गाँगचे उडत्या किटलीतले बुटके शेवटी ठेवा. ते सगळ्यांना सोसत नाहीत.

आता तिसरी पायरी, म्हणजे विकत घेणं. इथे हिशेब मांडून बघा. समजा, ब्रिटनमधून एक नवी एलपी मागवली : रेकॉर्ड २५ पौंड, टपाल १८ पौंड. बँकेची चलनबदलाची कटौती धरून पौंडाला सव्वाशे रुपये मोजले तर ५,३७५ रुपये झाले. सीमाशुल्क आणि जीएसटी वेगळे, आणि शुल्क ठरवताना टपालखर्चही किमतीत धरतात. हे पैसे पोस्टमन दारात मागतो. खाजगी कुरिअर असेल तर कागदपत्रांचा आकार आणखी वर.

त्यापेक्षा लंडनला किंवा स्लाऊला भाचा-पुतणी असेल तर त्यांना गाठा. तिथल्या धर्मादाय दुकानांत, विशेषतः ऑक्सफॅममध्ये, जुन्या सीडी एक-दोन पौंडांना मिळून जातात. प्लॅस्टिकची डबी काढून चार सीडी कागदात गुंडाळल्या तर सामानात कळतही नाहीत. एलपी मात्र पाहुण्याच्या गळ्यात मारू नये, संबंध बिघडतात.

इथल्या दुकानांचं म्हणाल तर मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या दुकानांत आयात एलपी असतात, पण विचारून जावं. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात ॲबा, बोनी एम ढिगाने. कॅरव्हान सापडली तर नशीब. जुनी तबकडी घेताना ‘व्हीजी’ (व्हेरी गुड) या शेऱ्याला भुलू नका, त्याचा अर्थ खरखर असा आहे. निदान ‘व्हीजी प्लस’ हवं, कारण या संगीतात हळू जागा पुष्कळ. ‘नर्सरी क्राइम’ची पहिली छपाई म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर मधलं लेबल पाहा. ते गुलाबी असायला हवं. त्यावर ‘ॲलिस’मधला वेडा टोपीवाला दिसला तर छपाई नंतरची. व्हर्जिनने १९७४ मध्ये गाँगचा एक जुना अल्बम एका सिंगलच्या भावात, ५९ पेन्सला विकला होता. आज त्याच मंडळींच्या पेट्या हजारो रुपयांना जातात. कॅरव्हानची तर ३७ चकत्यांची पेटी आहे. ती ऐकून संपवलेला माणूस मला भेटलेला नाही.

हयात कलावंतांवर खर्च करायचा असेल तर बँडकॅम्प बरा. डिजिटल विक्रीतले दहा-पंधरा टक्के कापून उरलेले, पैसे चुकते करण्याचं शुल्क वजा जाता, कलावंताकडे जातात. उदाहरणार्थ, बिग बिग ट्रेन हा बँड आजही रेल्वे, खाणी आणि जुन्या इंग्लंडवर गाणी करतो. बँडकॅम्पवर यूपीआय चालत नाही, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आधी सुरू करा आणि खरेदी झाली की बंद करा.

माझा सल्ला : एका महिन्याची वर्गणी आणि पंधराशे-दोन हजारांचे तारेचे बरे इअरफोन, एवढ्यावर भागवा. रेकॉर्ड प्लेअरचा विचार कॅरव्हानचा अल्बम पाठ झाल्यावर करा, आणि तेव्हाही सुटकेसमध्ये बसवलेला स्वस्तातला घेऊ नका. त्याची जड सुई चांगली तबकडी खराब करते.