विजया : गंध, शोधन आणि आपली जबाबदारी

गेल्या पावसाळ्यात देवरी भागातील एक शेतकरी आपल्या पदवीधर मुलाला घेऊन आमच्या चिकित्सालयात आले. मुलाने लिंबाच्या वासाच्या गांजाचे बी कुठूनसे मिळविले होते आणि धानाच्या बांधीमागील परसात ते लावावे, असा त्याचा विचार होता. ‘वास लिंबाचा आहे, म्हणजे जात सौम्य असणार, शिवाय आयुर्वेदातही विजया आहेच,’ असे त्याचे म्हणणे. वडिलांना आमच्याकडून होकार किंवा नकार एवढेच हवे होते. त्या दिवशी आम्ही नकार दिला. मात्र त्या नकारामागील कारणे सविस्तर मांडणे वैद्यबंधूंना व औषधी निर्मात्यांना उपयुक्त ठरेल, असे वाटल्याने हा लेखप्रपंच.

ग्रंथोक्त स्थान

‘भंग’ हा शब्द अथर्ववेदात येतो. तथापि औषधी द्रव्य म्हणून विजयेचा स्पष्ट विचार मध्ययुगीन ग्रंथांतच आढळतो. शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याचे उदाहरण देताना अहिफेनासमवेत भंगेचे नाव घेतले आहे. जे द्रव्य पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापते व नंतर पाक पावते, ते व्यवायी. भावप्रकाशात हरीतक्यादि वर्गात ती तिक्त, लघु, तीक्ष्ण, उष्ण, ग्राही, पाचन, कफहर व पित्तकर सांगितली असून मोह व मद वाढविणारी असाही स्पष्ट उल्लेख आहे. गुण आणि दोष एकाच ठिकाणी सांगण्याची ही पद्धत आपण विसरता कामा नये. तिचे एक पर्यायनाम ‘मातुलानी’ आहे. महाळुंगाचे नाव ‘मातुलुंग’. नामसाम्यावरून लिंबूवर्गाशी तिचा संबंध जोडणे चुकीचे होय.

लिंबाच्या गंधाचे कारण

विजयेच्या स्त्रीपुष्पांवर सूक्ष्म ग्रंथिल रोम असतात. त्यांत राळ व सुगंधी तैल तयार होते. काही वाणांच्या या तैलात लिमोनिन या घटकाचे प्रमाण अधिक असते. लिंबू व संत्र्याच्या सालीत असणारा घटक तो हाच. मद उत्पन्न करणारा मुख्य घटक मात्र वेगळा, म्हणजे टीएचसी. १९६४ साली इस्राएलमधील गाओनी व मेकुलाम यांनी तो शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना सांगितली. लिमोनिनचे प्रमाण पाहून टीएचसीचे प्रमाण कळत नाही. सुगंधासाठी परदेशात जोपासलेले अनेक आधुनिक वाण टीएचसीच्या दृष्टीने अतितीव्र असतात. सबब ‘वास लिंबाचा म्हणून जात सौम्य’ हा तर्क निराधार आहे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली २० निरोगी प्रौढांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. टीएचसीसमवेत लिमोनिनची वाफ दिल्यास चिंता व भीती कमी होते, असे त्यात दिसले. हा परिणाम लिमोनिनच्या मोठ्या मात्रेत अधिक स्पष्ट होता, आणि टीएचसीचे इतर परिणाम फारसे बदलले नाहीत. भांग चढल्यावर लिंबू देण्याच्या लोकरूढीची येथे आठवण होते. परंतु लिमोनिन सालीत असते, रसात ते अत्यल्प. त्यामुळे या अभ्यासाने त्या रूढीला पुष्टी मिळाली, असे म्हणता येत नाही.

शोधनाचा अर्थ

शोधनाच्या प्रचलित पद्धतींपैकी एकीत पाने पाण्याने वारंवार धुतात, पाण्याचा हिरवा रंग जाईपर्यंत; मग वाळवून मंदाग्नीवर गोघृतात भाजतात. दुसरीत बाभळीच्या सालीच्या काढ्यात स्वेदन करून गोदुग्धाची भावना देतात.

येथे एक गैरसमज दूर करावा लागतो. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्नेहात विरघळते. त्यामुळे धुण्याने पाण्यात विद्राव्य घटक निघून जातात, मदकारी घटक जात नाही. उलट हिरव्या पानातील टीएचसी बहुतांश आम्लरूपात, म्हणजे मदरहित असते. उष्णतेने त्याचे मदकारी रूपात परिवर्तन होते. घृतात भाजताना नेमके हेच घडते, तर सुगंधी तैलाचा मोठा अंश उडून जातो. म्हणजे शोधनानंतर लिंबाचा वास जवळजवळ उरत नाही, मद मात्र उरतो. शोधित विजया निर्विष झाली असे समजून मात्रा वाढविणे धोक्याचे आहे.

मात्रेचा हिशेब

जातीफलादि चूर्ण हे विजयेचे सर्वपरिचित कल्प. ग्रहणी, कास, श्वास व अरुची यांत ते वापरले जाते. शार्ङ्गधरोक्त पाठात इतर वीस द्रव्ये समभाग, त्या सर्वांइतकी भंगा व एकूण चूर्णाइतकी शर्करा असते. म्हणजे तयार चूर्णात भंगा चतुर्थांश; दोन ग्रॅम चूर्ण दिले की रुग्णाच्या पोटात सुमारे ५०० मिलिग्रॅम भंगा गेली. हे प्रमाण प्रत्येक चिकित्सकाच्या ध्यानी असावे.

मुखाद्वारे घेतलेल्या विजयेचा परिणाम दिसण्यास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो व तो कित्येक तास टिकतो. ‘काहीच झाले नाही’ म्हणून रुग्ण दुसरी मात्रा घेतो, तेव्हाच अनर्थ घडतो. गर्भिणी, स्तन्यदा, अल्पवयीन, हृद्रोगी, तसेच स्वतःला किंवा कुटुंबात उन्मादाचा इतिहास असणारे यांना हे कल्प देऊ नयेत. झोपेची किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाची आधी कसून चौकशी करावी.

कायद्याची चौकट

१८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने मध्य प्रांतासह साऱ्या हिंदुस्थानातील विजयेच्या वापराची पाहणी केली आणि सरसकट बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली. आज मात्र १९८५ चा अमली पदार्थविषयक केंद्रीय कायदा लागू आहे. त्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने व बी त्या व्याख्येत येत नाहीत. परंतु लागवडीच्या बाबतीत ही सवलत नाही. परवान्यावाचून या वंशाचे कोणतेही झाड लावणे हा अपराध असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वास कोणता, झाडे किती, याने अपराध बदलत नाही.

पानांचे नियमन राज्ये करतात, आणि येथेच गोंदिया जिल्ह्यातील औषधी निर्मात्यांनी विशेष सावध असावे. शेजारच्या मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक विक्री चालते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार भांग बाळगण्यासही परवाना लागतो. बालाघाटकडून रीतसर पावतीवर घेतलेली भांग रजेगावची सीमा ओलांडताच बेकायदा ठरू शकते. उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, वाहतुकीचा पास व साठ्याची नोंदवही यांवाचून एक किलोही आणू नये. शिवाय औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत बीजाखेरीज भंगेचा समावेश आहे. म्हणून अशा कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदी दोन्ही भाषांत ठळकपणे छापावी लागते.

समारोप

त्या तरुणाला आम्ही इतकेच सांगितले, की शास्त्रात विजया आहे ती मात्रेने, शोधनाने व वैद्याच्या उत्तरदायित्वाने बांधलेली आहे. परसातील रोपाला यांपैकी एकही बंधन नसते. लिंबाचा सुगंध हवा असेल, तर बांधावर गवती चहा लावावा. पावसाच्या दिवसांत काढ्याला तो उपयोगी पडतो आणि त्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही. जाताना त्याच्या वडिलांनी आमच्या अंगणातील दोन ठोंब मागून नेले.

विजया हे आपल्या परंपरेचे मोलाचे द्रव्य आहे. ते आपल्या हाती राहावे असे वाटत असेल, तर नोंदवही, शोधन आणि मात्रा या तिन्ही गोष्टी आपण स्वतःच काटेकोरपणे सांभाळल्या पाहिजेत, असे आमचे नम्र मत आहे.