धक्का भूकंपाचा की स्फोटाचा?

हजारो किलोमीटर दूर जमिनीखाली बसलेला धक्का भूकंपाचा की अणुस्फोटाचा, हे कसे ओळखाल? या प्रश्नापाशी एकदा महासत्तांचा समझोता अडला होता.

१९६२ साली क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व सोव्हिएत संघ युद्धाच्या उंबरठ्यावर आले. त्यातून सावध होऊन त्यांनी ब्रिटनसह ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे करार केला. हवेत, पाण्याखाली व अवकाशात अणुचाचण्या करण्यास बंदी झाली. भूमिगत चाचण्या मात्र सुटल्या. संशयास्पद धक्क्यांची जागेवर जाऊन तपासणी वर्षातून किती वेळा करावी? अमेरिका ७ म्हणे, सोव्हिएत संघ ३.

आता भौतिकी पाहू. स्फोट भोवतालच्या खडकाला सर्व दिशांना बाहेर ढकलतो. भूकंपात खडक एकमेकांलगत सरकतात. म्हणून पहिला धक्का काही दिशांना ढकलणारा, तर काही दिशांना ओढणारा असतो. खडकाला आडवे हलविणाऱ्या दुय्यम लहरीही भूकंपात अधिक जोरदार असतात.

१९८८ साली नेवाडा व सेमिपलातिन्स्क येथे दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी एकमेकांचे स्फोट प्रत्यक्ष मोजले. भूमिगत चाचण्यांवर १५० किलोटनांची मर्यादा घालणारा १९७४ चा करार अखेर १९९० मध्ये अमलात आला.

प्रतिस्पर्ध्याच्या शब्दावर विश्वास बसत नसेल, तर दोघांनी मिळून मोजावे!