रात्रीचं रक्त, सकाळचा नमुना: परजीवी आजारांच्या तपासण्या वर्धा जिल्ह्यात कुठे आणि कितीत

हत्तीरोग, हिवताप आणि पोटातले जंत या तिन्हींची प्राथमिक तपासणी वर्धा जिल्ह्यात एकही रुपया न देता होऊ शकते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सेवा निःशुल्क आहे. गावचं उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, हिंगणघाट आणि आर्वीची उपजिल्हा रुग्णालयं, वर्ध्याचं सामान्य रुग्णालय ही सगळी त्यात येतात. तिथे न होणारी तपासणी ‘महालॅब’मार्फत बाहेर पाठवली जाते आणि तिचेही पैसे लागत नाहीत.

तरीही याच आजारांच्या संशयापायी मजुरी करणाऱ्या घरातले दोन-तीन हजार रुपये सहज जातात. नमुना चुकीच्या वेळी दिला जातो, गरज नसलेली तपासणी केली जाते, नाहीतर तीच तपासणी दुसऱ्या गावात पुन्हा होते. पैसे कुठे वाचतात हे कळायला तो परजीवी शरीरात कुठे आणि कधी सापडतो हे आधी समजून घ्यावं लागतं. पुढे दिलेले खासगी दर विदर्भातल्या तालुका-जिल्ह्याच्या गावांतले अंदाजे दर आहेत. रक्त देण्यापूर्वी काउंटरवर विचारून घ्यावं.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो हत्तीरोगात (फायलेरियात), म्हणून तिथूनच सुरुवात करू. वर्धा हा हत्तीरोगग्रस्त जिल्हा. घाण पाण्यात, संडासच्या टाक्यांत वाढणारा क्युलेक्स डास हा रोग पसरवतो. मोठे कृमी लसिकावाहिन्यांत बसून राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्लं रक्तात फिरतात, पण दिवसा नाही. दिवसभर ती फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री १० ते २ च्या दरम्यान बोटाच्या टोकापर्यंतच्या रक्तात येतात, कारण डास चावतो तो रात्री. त्यामुळे सकाळी ११ वाजता लॅबमध्ये रक्त दिलं आणि ‘फायलेरिया आढळला नाही’ असा कागद हातात आला, तर त्या कागदावरून जवळजवळ काहीच कळत नाही. तपासणी योग्य आणि तंत्रज्ञ हुशार असला तरी घड्याळ चुकलेलं असतं.

रात्रीचा रक्तनमुना खासगीत शंभर-दोनशे रुपयांचा, पण त्या वेळी उघडी लॅब मिळणं कठीण. हे काम सरकारी यंत्रणा चांगलं करते. आरोग्य कर्मचारी रात्री गावात येऊन बोटातून दोन-तीन थेंब रक्त काचपट्टीवर घेतात. आपल्या गावात फेरी कधी आहे हे आशाताईंना विचारावं, नाहीतर वर्ध्याच्या जिल्हा हिवताप अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. हिवतापाबरोबर हत्तीरोगाचं कामही तिथूनच चालतं. पथक रात्री दारात आलं की झोपेतून उठायचा कंटाळा करू नये, घरातल्या सगळ्यांनी रक्त द्यावं. अंगात कृमी असूनही अनेकांना वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नाही.

रात्रीचं बंधन नसलेली तपासणीही आहे. तिच्यात पिल्लं न शोधता मोठ्या कृमीने रक्तात सोडलेलं प्रतिजन (अँटिजेन) शोधतात. सरकारी सर्वेक्षणात वापरली जाणारी पट्टी याच प्रकारची असते. बोटातलं थोडं रक्त घ्यायचं आणि दहा मिनिटांनी रेषा वाचायची, दिवस असो वा रात्र. खासगीत नमुना बहुधा मोठ्या शहरात जातो, हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि अहवालाला काही दिवस लागतात. चिठ्ठीवर ‘अँटिजेन’ लिहिलंय की ‘अँटिबॉडी’ हे नीट पाहावं. हत्तीरोगाच्या पट्ट्यात राहणाऱ्याच्या अंगात जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडू शकतात. त्यावरून आज कृमी आहे की नाही हे ठरत नाही, म्हणून अँटिबॉडीवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना कारण विचारावं.

आता सांगतो ते अनेक कुटुंबांना कोणी सांगत नाही. ज्याचा पाय वर्षानुवर्षं सुजलेला आहे, कातडी जाड झाली आहे, त्याच्या रक्तात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. पिल्लं नसतात आणि प्रतिजनही पुष्कळदा नसतं, कारण कृमी मरून गेलेले असतात आणि मागे राहते ती वाहिन्यांची हानी. अशा माणसाला घेऊन लॅबच्या पायऱ्या चढणं म्हणजे पैसा आणि आशा दोन्ही वाया घालवणं. त्याने आरोग्य केंद्रातून पाय धुण्याचं साहित्य (टब, मग, साबण, टॉवेल, मलम) मागून घ्यावं. ते मोफत असतं, आणि पाय रोज धुऊन कोरडा ठेवला की ताप-थंडीचे झटके कमी होतात. याच रोगातून होणाऱ्या अंडवृद्धीची शस्त्रक्रियाही सरकारी रुग्णालयात मोफत होते. बरेच पुरुष लाजेपोटी वर्षं काढतात, त्यांनी लाजू नये.

रात्रीचा खोकला हेही याच रोगाचं एक रूप असू शकतं. रात्री ढास लागते, छातीत घरघर होते, दम्याची किंवा क्षयाची औषधं घेऊन उतार पडत नाही. अशा वेळी रक्तातल्या इओसिनोफिल पेशींची मोजणी करावी. सरकारीत ती मोफत होते, खासगीत शंभर ते दोनशे रुपयांत. आकडा तीन हजारांच्या वर गेला तर फायलेरियामुळे होणाऱ्या इओसिनोफिलियाचा विचार डॉक्टर करतात. या रुग्णांच्या रक्तात पिल्लं सापडत नाहीत, म्हणून फक्त काचपट्टीवर अवलंबून राहिलं तर निदान हुकतं. महिनोन्महिने इनहेलरवर होणारा खर्च पाहिला की या साध्या मोजणीचं मोल कळतं.

स्वस्त निदानाचा ध्यास या जिल्ह्याला नवा नाही. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागात आणि जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायलेरियाच्या निदानावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या एलायझा चाचणीत पेनिसिलिनेज हे विकर वापरलं होतं. स्टार्च आणि आयोडीनचं निळं द्रावण रंग सोडतं की नाही, हे साध्या डोळ्यांनी पाहून निकाल वाचता येत असे, त्यासाठी महागडं यंत्र लागत नसे. खेड्यातल्या दवाखान्याला परवडेल अशीच तपासणी शोधायची, हा त्यामागचा आग्रह होता. याच संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने गावांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर उपचार घ्यायचे. आजारपणाचा खर्च गावाच्या कुवतीतून मांडायचा हा विचार मला आजही मोलाचा वाटतो.

कस्तुरबा रुग्णालय सरकारी आरोग्य विभागाचं नाही, त्यामुळे २०२३ ची निःशुल्क सेवा तिथे आपोआप लागू होत नाही. संस्थेला केंद्र आणि राज्य सरकारचं मोठं अनुदान असल्याने दर मात्र खासगीपेक्षा कमी असतात. सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयही वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. दोन्हीकडे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत. परजीवी ओळखायला रोज काचपट्ट्या पाहणारी नजर लागते आणि ती अशा ठिकाणी तयार होते. गुंतागुंतीच्या आजारासाठी थेट तिथे जाणं अखेरीस स्वस्त पडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड असलं तरी ते मुख्यतः भरती रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी असतं. बाह्यरुग्ण विभागातली रक्त-लघवी तपासणी त्यात धरून चालू नये.

हिवतापाचं गणित सोपं आहे. ताप आला की औषध घेण्याआधी रक्त द्यायचं. आशाताईंकडे झटपट तपासणीचं किट असतं, पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो. काचपट्टी मात्र आरोग्य केंद्रातच नीट पाहिली जाते. पट्टीवर दोन प्रकारचे ठसे घेतात. जाड ठशात परजीवी आहे की नाही ते कळतं, पातळ ठशात त्याचा प्रकार, व्हायवॅक्स की फॅल्सिपेरम, ते ठरतं. यासाठी वापरला जाणारा जेएसबी रंग जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या भारतीय संशोधकांनी शोधला. खासगीत काचपट्टी शंभर ते दोनशे रुपयांना आणि कार्ड तपासणी दोनशे ते चारशे रुपयांना पडते. पहिला नमुना कोरा आला आणि ताप चढत-उतरत राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्यावं. उपचारानंतर ‘बरा झालो का’ हे पाहायला कार्ड तपासणी पुन्हा करू नये. फॅल्सिपेरमच्या कार्डावरची रेषा परजीवी मेल्यानंतरही काही आठवडे दिसत राहते आणि माणूस विनाकारण घाबरतो. त्यासाठी काचपट्टीच हवी.

‘फीवर प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजमध्ये हिवताप, डेंग्यू, विडाल (टायफॉईडची तपासणी) आणि बरंच काही एकत्र करून हजार-बाराशे रुपये घेतात. तापाच्या पहिल्या दोन दिवसांत विडालचा निकाल विश्वासाचा नसतो. यातलं आज काय लागेल आणि काय थांबू शकेल, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना नम्रपणे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

शौचाची तपासणी सर्वांत स्वस्त. सरकारीत ती मोफत आहे, खासगीत पन्नास ते दीडशे रुपयांत होते. पण नमुना नीट नेला तरच तिचा उपयोग. कोरडी, रुंद तोंडाची, झाकणाची डबी घ्यावी, त्यात लघवी किंवा पाणी जाऊ देऊ नये. शौच पातळ असेल तर अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवावं, कारण अमिबाची हालचाल करणारी अवस्था थंड झाली की ओळखू येत नाही. आदल्या दिवशी एरंडेल किंवा पोट थांबवायची औषधं घेतली असतील तर सांगावं. अंडी आणि पुटी रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून संशय पक्का असेल तर एकाड एक दिवस तीन नमुने द्यावेत. एका नमुन्यावर ‘काही नाही’ म्हणून सोडून देण्यापेक्षा हे पन्नास-शंभर रुपये सत्कारणी लागतात. लहान मुलाला रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल तर शौचात कृमी सापडेलच असं नाही. सकाळी उठल्या उठल्या, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी लावून ती काचपट्टीवर चिकटवून न्यावी.

शाळकरी मुलांना फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल मोफत मिळतं, त्यासाठी आधी तपासणीची गरज नाही. पण शेतात अनवाणी काम करणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नसेल, तर अंकुशकृमीसाठी शौच तपासणी आवर्जून मागावी.

मोठ्या खर्चाचे प्रसंग थोडे, पण टाळू नयेत असे. प्रौढ वयात पहिल्यांदा फिट आली तर मेंदूतल्या पट्टकृमीच्या पुटीचा संशय असतो. त्यासाठी सीटी किंवा एमआरआय लागतं आणि खर्च काही हजारांत जातो. ते वर्धा-सेवाग्राम-सावंगीतच आधी विचारावं, नागपूरची घाई करू नये. यकृतात पाण्याची गाठ दिसली तर सोनोग्राफी आधी करावी. कोणी गाठीत सुई घालून पाणी काढू पाहत असेल, तर ती हायडॅटिड, म्हणजे कृमीची गाठ नाही ना हे आधी विचारावं. ती गाठ फुटली तर जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते.

लॅबच्या अहवालावर सही कोणाची आहे ते पाहावं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही चालते. नुसता शिक्का असलेला कागद पुढचे डॉक्टर मान्य करत नाहीत, तपासणी पुन्हा होते आणि पैसेही पुन्हा जातात. मूळ अहवाल जपावा आणि पावती मागून घ्यावी.

प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च तपासणीपेक्षा जास्त असतो. कारंजा किंवा आष्टीहून वर्ध्याला येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. तेव्हा आधार कार्ड सोबत ठेवावं. निघण्याआधी आरोग्य केंद्रात विचारावं की नमुना इथूनच पाठवता येईल का. बऱ्याचदा येतो. सरकारी रुग्णालयात ‘बाहेरून करून आणा’ असं सांगितलं, तर ते चिठ्ठीवर लिहून मागावं आणि १०४ या मोफत क्रमांकावर विचारावं.