एका पिशवीचा हिशेब

बाजाराला निघताना आपले हात रिकामे असतात. परतताना हातात चार पिशव्या असतात. एकीत मासळी, एकीत कांदे, एकीत मिरच्या, एकीत साखर. पिशव्या फुकट मिळाल्या म्हणून आपण खूश. घरी आल्यावर सामान डब्यात जाते, पिशव्या परसात जातात.

आता पाटी घ्या. रोज ४ पिशव्या. वर्षाचे दिवस ३६५. गुणाकार करा. १४६० झाल्या. ही एका घराची गोष्ट. गावात १०० घरे असली तर १,४६,००० झाल्या. एवढ्या गेल्या कुठे?

काही गटारात गेल्या. गटारातून कासाडी नदीत आणि नदीतून खाडीत. भरतीबरोबर त्यातल्या काही परतही येतात. कोळ्याने जाळे ओढले की मासळीसंगे पिशव्या निघतात.

प्लॅस्टिक कुजत कसे नाही, हे पटत नसेल तर करून पाहा. पावसाळ्याच्या तोंडाला परसात खड्डा काढा. त्यात केळीचे पान पुरा आणि शेजारी एक पिशवी पुरा. दसऱ्याला उकरा. पानाची माती झालेली असेल. पिशवी झटकली की तशीच्या तशी! पिशवी खनिज तेलापासून करतात. मातीतले जीवजंतू पान खातात, ती खात नाहीत. उन्हाने तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पण कण राहतातच.

आमच्या आळीतली एक गाय अशीच गेली. कोणी उष्टा भात पिशवीत बांधून टाकला होता. गाईला गाठ थोडीच सोडता येते? ती पिशवीसकट गिळते. ती पिशवी धड रवंथाला वर येत नाही, धड पुढे सरकत नाही. पोट फुगलेले दिसते आणि गाय उपाशी असते. जनावरांच्या डॉक्टरांनी मेल्यावर पोट उघडले, तेव्हा पिशव्यांचा हा एवढा गोळा निघाला. त्यात आमच्या घरची एकही नव्हती, असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दुसरी एक वाईट खोड आहे. चूल पेटेना की पिशवीचा तुकडा सारायचा. ती भुरकन पेटते खरी. पण तो धूर विषारी. चुलीपाशी बाई बसलेली, तिच्या मांडीवर मूल. तो धूर दोघांच्या छातीत जातो. नारळाची सोडणे काय कमी आहेत आपल्याकडे?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाल्यांत प्लॅस्टिक तुंबले होते, त्यानेही पाणी अडले. माणसे बुडाली. पुढे सरकारने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २०१८ साली महाराष्ट्रात पिशव्यांवर आणखी कडक बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५००० रुपये दंड ठेवला. तरी पिशवी मिळतेच, कारण आपण मागतो.

कोणी म्हणेल, “गुरुजी, नदी तर कारखान्यांनी नासवली. २०१७ साली तळोज्यात कुत्री निळी झाली, ती काय आमच्या पिशवीने?” बरोबर आहे. तो रंग कारखान्याचा होता. नदीची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली, आणि जायलाच हवी होती. पण दारापुढचे गटार कारखान्याने तुंबवलेले नाही.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नये. तो चिमुकला तुकडा कोणी वेचत नाही. नुसती चीर द्यावी, आणि पिशवी धुऊन भंगारवाल्याला द्यावी. जुन्या लुगड्याची पिशवी शिवावी. लग्नाला थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी पत्रावळी आणाव्या.

मासळीला आम्ही झाकणाचा डबा नेऊ लागलो. पहिल्या दिवशी मासळीवाल्या मावशी हसल्या. एकदा विसरलो, तर त्याच म्हणाल्या, “गुरुजी, आज डबा नाय आनला?”